एक सूत कमी

"आई, एक हार गाडीलाबी पायजे," विलास म्हणाला.

खंडेनवमीचा दिवस होता. कारखान्यात पाट मांडून मी त्यावर हत्यारं ओळीनं ठेवत होते. कारखाना म्हणजे काय, कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं पत्र्याचं एक शेड, एक लांब टेबल, एक रंधा मशीन आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. आम्ही पॅटर्नवाले. फौंड्रीत जो लोखंडी पार्ट ओततात, तो आधी कुणीतरी लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. तो लाकडी नमुना करणारा माणूस म्हणजे माझे मालक. अख्ख्या उद्यमनगरात त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत. नाव घ्यायची गरज पडायची नाही.

"कुठल्या गाडीला?" मी म्हणाले. "त्या पाटाला? त्यात माणूस बसतो का पाय पसरून निजतो?"

विलास हसला. गाडी त्यानं एका इनामदाराच्या गोठ्यातून उचलून आणली होती. दोन माणसांची, बिनछपराची, विलायती. शर्यतीची गाडी म्हणे. आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. वर्षभर विलास आणि त्याचा दोस्त यासीन त्या गाडीला चिकटून होते. यासीनचं गॅरेज आमच्या शेडला लागूनच. पुढची काच काढून हातभर उंचीची प्लॅस्टिकची बसवली. बसायच्या जागा काथ्या आणि रेक्झिन घालून घरीच शिवल्या, त्यात सुई माझी मोडली. टेम्पोच्या पाट्याचं पोलाद कापून खाली काहीतरी जोडलं. मुंबईहून रुंद चाकं आली, ताटलीएवढं स्टिअरिंग आलं, आणि एक सोडून दोन कार्ब्युरेटर आले. संक्रांतीनंतर पन्हाळ्याच्या बाजूला घाटात गाड्यांची चढाओढ होणार होती. त्यात ह्याला पळवायची होती ती.

"दोन कार्ब्युरेटर लावायचे तर मॅनिफोल्ड दुसरा लागणार," विलास बापाला म्हणाला. "आबा, तुमीच करा. ॲल्युमिनियमचा."

मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरातून इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा पार्ट. हे स्टुलावर बसले होते. हातातला पटाशीचा दांडा पुसायचे थांबले.

"मी?"

"मग दुसरं कोण? चार तोंडांचा पंजा हाय, प्रत्येक तोंड वेगळ्या बाकाचं. हे काम दुसऱ्या कुणाच्या हातचं न्हाई."

मी विलासकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. साखरेनं ह्यांचे डोळे दोन वर्षांत गेले होते. समोर कुणीतरी उभं आहे हे दिसायचं, पण चेहरा कुणाचा ते नाही. फौंड्रीवाल्यांनी हळूहळू कामं दुसरीकडं न्यायला सुरुवात केली होती. तोंडावर कुणी बोललं नाही. मगदूम मालक, ज्यांची फौंड्री ह्यांच्या पॅटर्नवर उभी राहिली, तेसुद्धा भेटले की म्हणायचे, "सध्या जरा ढिल्लं हाय, मिस्त्री." ढिलं काही नव्हतं. भट्टी तर रोज पेटत होती.

"डोळ्यांचं काय?" हे म्हणाले.

"तुमी कधी डोळ्यानं केलंय काम?" विलास म्हणाला.

तेही खरंच होतं. लाकडावर अंगठा फिरवून हे सांगायचे, इथं कागदाएवढं राहिलंय. पट्टीवरच्या रेषा कोरीव असतात, त्या नखानं मोजायचे. ह्यांचा हात जिथं जायचा तिथं वस्तू असली पाहिजे, एवढाच नियम. लग्न होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची होते. पहिल्याच दिवशी मला ह्यांनी भिंत दाखवली होती. म्हणाले होते, कशालाही हात लाव, पण ह्या दोन पट्ट्यांची जागा बदलू नको. डाव्या खिळ्याला साधी, उजव्या खिळ्याला वाढीव. धातू गार होताना आकसतो. बारा इंचाचा पार्ट हवा असेल तर पॅटर्न बारा इंचाचा करून चालत नाही, सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब कोण करणार? म्हणून वाढीव पट्टीवरचा इंचच जरा लांब असतो. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. मला तर चौथीपर्यंतची शाळा, पण हे मला एकदाच सांगितलेलं पुरलं.

"करतो," हे म्हणाले. आणि माझ्याकडं तोंड करून, "एक हार जास्त कर गं."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं वाटून झाल्यावर मी सगळी हत्यारं परत भिंतीवर चढवली. वर्षाची घाण निघाली होती त्या दिवशी. करवतीला तेल दिलं, पट्ट्यांच्या मळून काळ्या झालेल्या चामड्याच्या वाद्या कापून टाकल्या आणि लाल नाडे बांधले, हातोड्याला नवं फडकं गुंडाळलं. यासीनची आई दारात सोनं द्यायला आली होती. तिच्या सुनेचं काहीतरी चाललं होतं, त्यावर माझं बोलणं आणि हातांचं काम दोन्ही सुरू होतं. माझं तोंड कधी बंद नसायचं. उद्यमनगरात म्हणायचे, मिस्त्रीणबाईला रस्त्यात बघितलं की फौंड्रीतला रसही वाट बदलतो. मला त्याचा अभिमान होता. बायकामाणसानं ह्या लोखंडी गल्लीत राहायचं म्हणजे दात असायला हवेत.

ह्यांनी काम घेतलं दिवाळीनंतर. महिनाभर लागला. सागवानाचे तुकडे जोडून, कोरून, घासून चार बोटांचा तो पंजा हळूहळू उभा राहिला. रोज सकाळी चहा पिऊन शेडमध्ये जायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. उजव्या खिळ्यावरची पट्टी घ्यायची, नखानं रेषा मोजायच्या, सुईनं खूण करायची, पट्टी परत त्याच खिळ्यावर. मी आत-बाहेर करताना बघायची. एकदा मी म्हणाले, "एवढं घासून त्याला नटवताय, ते जाणार इंजिनात. कोण बघणार हाय?"

"ज्याला कळतं तो हात लावून बघंल," हे म्हणाले.

पॅटर्न मगदूमांच्या फौंड्रीत गेला. त्यांनी ॲल्युमिनियम ओतलं. मगदूम मालक स्वतः पीस घेऊन आले. "वैनी, लोण्यासारखा निघालाय. एक खड्डा न्हाई." मी म्हणाले, "मग? तुमचं ढिल्लं होतं न्हवं? आता आवळलं का?" ते हसले.

त्यानंतर पीस यासीनच्या गॅरेजात गेला आणि पोरांनी दार ओढून घेतलं. आठ दिवस आतून कानस घासल्याचा आवाज यायचा. हे विचारायचे, "बसला का रे?" विलास म्हणायचा, "बसतोय, आबा. थोडं फिटिंग करायला लागतंयच की." नवव्या दिवशी म्हणाला, बसला. पंधरा-वीस दिवसांनी गाडीचा आवाज घुमला. हे शेडच्या दारात उभे राहिले आणि मान एका अंगाला करून ऐकत राहिले. चारही तोंडांनी सारखी हवा घेतेय, म्हणाले.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी यासीनच्या गॅरेजाची मागची बाजू झाडत होते. त्याला झाडता येत नाही म्हणून दर सणाला मीच झाडायची. कोपऱ्यात भंगाराचा ढीग, त्यावर एक पोतं. पोतं उचललं तर खाली ह्यांचा पीस.

मी तो हातात घेतला. भोकांच्या कडा कानशीनं खाल्लेल्या. बाकी तसाच, गुळगुळीत. माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे पोरानं बापाला फसवलं. बाप दारात उभा राहून ज्याचा आवाज ऐकतो, तो त्याचा पीस नाहीच. मला सरळ वाटलं ते एवढंच: आंधळ्या बापाची पोरानं थट्टा केली. बाजारची झगझगीत वस्तू आली आणि बापाची वस्तू पोत्याखाली गेली.

घरी जाऊन विलासला कोपऱ्यात घेता आलं असतं. पण मी तसली नव्हते. पीस पदराखाली धरला आणि वाट बघितली.

चार वाजता सगळे जमले. तीळगूळ द्यायला म्हणून मगदूम मालक आले, शेजारचे लेथवाले आले, यासीनची आई आली. गाडी शेडसमोर उभी. तिला लाल रंग दिला होता, तो यासीननं पंपानं मारलेला, जवळून बघितलं तर ओघळ दिसायचे. ह्यांनी नवीन टोपी घातली होती. बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

"मिस्त्री, तुमचा पीस बघू की लावलेला," मगदूम म्हणाले.

"आता नको, मालक," विलास घाईनं म्हणाला. "इंजिन तापलंय. परवा घाटातनं आलो की दाखवतो."

"बॉनेट उघड," मी म्हणाले.

"आई, तापलंय म्हणतोय न्हवं."

"माझी बोटं भाजत न्हाईत. उघड."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या पदराखालचा आकार बघितला. त्याचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, "आई, आत चल. आत सांगतो तुला."

"आत कशाला? हितंच सांग. पाच माणसांत सांग." मी स्वतः खटका ओढला आणि बॉनेट वर केलं. आत चकाकणारा मुंबईचा पार्ट होता, त्यावर इंग्रजी अक्षरं. मी पदराखालचा पीस काढून गाडीच्या मडगार्डवर आपटला. रंगाचा टवका उडाला.

"बघा, मालक! हे मिस्त्रींचं काम. पोत्याखाली होतं, भंगारात! महिनाभर बापानं रक्त आटवलं आणि ह्या साहेबांना बाजारचं पायजे. बापाला सांगतोय, तुमचाच बसवला. लाज वाटत न्हाई तुला? डोळं गेलं म्हणून बापाला कायबी दाखवायचं व्हय रे?"

"आक्का, गप बसा की," यासीन म्हणाला. "आक्का, पाया पडतो."

"तू मधी बोलू नकोस. तुझ्या ढिगातच गावलाय."

ह्यांचा हात बॉनेटवरून खाली आला होता. हे कुणाकडंच बघत नव्हते. "विलास," म्हणाले. "नव्हता बसवला?"

विलास मडगार्डवरचा टवका बोटानं घासत राहिला.

"बोल की!" मी म्हणाले. "का न्हाई बसवला? मिस्त्रींच्या हातचं बसत न्हाई असं आजवर कुणी म्हणलंय का? सांग, काय वाईट होतं त्यात?"

"बसत नव्हता, आई!" तो ओरडला. डोळ्यात पाणी होतं. "कमी आला! एक सूत कमी आला! आठ दिवस भोकं लांबवत होतो. तोंडंच जुळत न्हाईत. झालं समाधान?"

तीळगुळाची वाटी यासीनच्या आईच्या हातात तशीच होती.

"आण हिकडं," हे म्हणाले.

मीच पीस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पोटाशी धरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मग वीत टाकली. मग परत फिरवली.

"कुठं कमी? लांबीतच?"

"सगळीकडंच, आबा. थोडं थोडं."

"सारखं?"

"व्हय. सारखं."

ह्यांनी पीस डाव्या काखेत धरला. मग म्हणाले, अगदी सावकाश, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगत होते, "म्हणजे वाढ धरलीच न्हाई मी. साध्या पट्टीनं केलं." आपल्या उजव्या हाताकडं तोंड करून, "हात डावीकडं गेला असंल. छत्तीस वर्षं उजवीकडं जायचा."

मगदूम मालक म्हणाले, "मिस्त्री, हुतंय एखाद्या वेळी. आमच्याकडं तर रोज—"

"न्हाई, मालक. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ते हे." त्यांनी पीस गाडीच्या सीटवर ठेवला, अलगद, रंग खरचटू नये म्हणून. "तुमी काम द्यायचं बंद केलं ते बरोबरच केलं. माझंच मला कळायला उशीर झाला."

आणि भिंतीला हात लावत घराकडं चालू लागले. टोपी काढून हातात घेतली होती.

विलास माझ्याजवळ आला. "मी त्यांना कधीच सांगणार नव्हतो," म्हणाला. "मरेपर्यंत न्हाई. मला कळलं तेव्हा मी आणि यासीननं शपथ घेतली हुती. मॅनिफोल्ड बाजारात आधीपासनंच मिळत होता, आई. मला करून नको होता. त्यांना काम पायजे होतं म्हणून मागितला."

मी पदर खोचला. म्हणाले, "मग आधी मला सांगायचं होतंस," आणि आत गेले.

घाटात विलासचा दुसरा नंबर आला. कप घेऊन आला, कपाटावर ठेवला, आणि महिन्याच्या आत गाडी सांगलीच्या कुणाला तरी देऊन टाकली. ह्यांनी शेडमध्ये जाणं सोडलं नाही. रोज जायचे. स्टुलावर बसायचे, हात मांडीवर ठेवून. हत्याराला मात्र हात लावला नाही. भिंतीवरचं सगळं जिथल्या तिथं राहिलं. लाकडाचा वास येतो तेवढा बरा वाटतो, म्हणायचे. कधीतरी उजवा हात वर करून बघायचे, आणि खाली ठेवायचे.

पुढची खंडेनवमी आली. मी पाट मांडला. विलास तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. हे स्टुलावर बसले होते. मी एकेक हत्यार उतरवत होते. वर्षाची धूळ बसली होती, त्यावर कुणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. डाव्या खिळ्यावरची पट्टी काढली, उजव्या खिळ्यावरची काढली, दोन्ही पाटावर शेजारी ठेवल्या. नाडे माझेच, गाठ माझीच. मी गाठ मारते ती डाव्या अंगाला वळते, दुसऱ्या कुणाची तशी वळत नाही.

दोन्हींची वरची टोकं सारखी लावली. ओळीत दिसावं म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. खालचा शेवटचा आकडा दोन्हींवर बाराच. पण दोन्ही बारा समोरासमोर येईनात. डावीकडचा बारा खाली होता, एक सूत.

डाव्या खिळ्यावरची मोठी होती.

मी परत लावून बघितल्या. उलट्या करून बघितल्या. मग भिंतीकडं बघितलं, त्या दोन खिळ्यांकडं. मागच्या दसऱ्याला यासीनची आई दारात उभी होती. सुनेचं बोलणं चाललं होतं. मी वाद्या कापल्या होत्या, त्या दोन्ही मळलेल्या, पण एक रुंद होती आणि एक अरुंद, त्यावरूनच मी पट्ट्या ओळखायची. नवे नाडे दोन्ही सारखे. आणि मी बोलत बोलत टांगल्या होत्या.

माळ्यावर ह्यांचा तो सागवानाचा पॅटर्न होता. मगदूमांनी परत पाठवला होता. मी शिडी लावून तो खाली काढला. उजव्या खिळ्याची पट्टी त्यावर धरली. एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत मापायचं, हे मला माहीत होतं, विलासनं मापं दिली होती त्या कागदावर तेच लिहिलेलं. बारा इंच. मी नख लावून बघितलं, जसं हे लावायचे. रेषेवर बरोबर. आडवं धरून बघितलं, प्रत्येक तोंडावर धरून बघितलं. कागदावर होतं तेच, सगळीकडं, केसाचाही फरक नाही. डोळे नसलेल्या माणसानं केलेलं.

त्यांचा हात उजवीकडंच गेला होता.

"काय गं?" हे स्टुलावरून म्हणाले. "एवढी गप कशी झालीस?"

मी वळले. सांगायला मी तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. दोन पावलंसुद्धा टाकली होती.

"शालन," ते म्हणाले, "पट्ट्या टांगताना बघून टांग हं. उजवीकडची उजवीकडं."

आणि माझ्या तोंडातून आलं ते हे:

"छत्तीस-सदतीस वर्षं टांगतेय. मला शिकवायची गरज न्हाई."

"व्हय," ते म्हणाले. आणि हसले. "तुझी जागा कधी चुकली न्हाई. तेवढं मात्र खरं."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी वाढीव पट्टी उजव्या खिळ्यावर टांगली. साधी डाव्यावर. लाल नाड्यांवर पट्ट्या हलत होत्या, त्या हातानं थांबवल्या. पॅटर्न परत माळ्यावर ठेवला.

हे मार्गशीर्षात गेले. खंडेनवमीपासून मोजले तर बावन्न दिवस. विलासला पट्ट्यांचं हे आजवर माहीत नाही, आता कळेल. बावन्न दिवस रोज दोनदा मी शेडमध्ये त्यांना चहा नेऊन दिला. दर वेळी समोर उभी राहायची, कप त्यांच्या हातात नीट बसेपर्यंत सोडायची नाही. दर वेळी तोंड उघडायची, आणि म्हणायची ते एवढंच:

"घ्या. गार होतोय."